खालची जागा

९ जून

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. मागचं पत्र कधी लिहिलं होतं ते मलाही आठवत नाही. काम निघालं की हिला चुलतभाऊ आठवतो, असं म्हण आणि पुढे वाच.

तू चौतीस वर्षं कोर्टात बेलीफ होतास. निकाल लागला की लोकांच्या जागा रिकाम्या करून द्यायच्या, हेच तुझं काम. तर मला एवढंच सांग, दुकानाचा भाडेकरू बाहेर कसा काढतात?

आमच्या घराखाली दातवाले आहेत ते तुला आठवत असतील. शहरातले दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे मापं पाठवतात आणि ते कवळ्या बनवून देतात; मोडलेली कवळी घेऊन माणसं थेटही येतात. बाबांनी त्यांना जागा दिली त्याला एकतीस वर्षं झाली. करार नऊ वर्षांचा होता. तो संपल्यावर नवा कोणी केलाच नाही. महिन्याच्या महिन्याला भाडं येत राहिलं आणि बाबा गेल्यावर घर माझ्या नावावर झालं. भाडं कधी चुकलं नाही, भांडण कधी झालं नाही. पण आता जागा मला हवी आहे. तीनदा तोंडी सांगून झालं. ते मान हलवतात, "बघतो, ताई" म्हणतात आणि पुन्हा मोटर सुरू करतात.

समोरचा किल्लीवाला म्हणतो, "रविवारी दुकान बंद असतं. अर्ध्या तासात कुलूप बदलून देतो. सोमवारी येऊन काय करणार आहे म्हातारा?" ऐकून बरं वाटलं नाही, पण अगदी वाईटही वाटलं नाही. दमलेय मी, दादा.

फोन करू नकोस. घरात दोनच खोल्या आहेत आणि हे सगळं मला मोठ्याने बोलायचं नाही.

तुझी,
बेबी


१७ जून

चि. बेबी,

बासष्टाव्या वर्षी तुला बेबी म्हणणारा मी एकटाच उरलो असेन, म्हणून तो हक्क सोडत नाही.

आधी त्या किल्लीवाल्याशी बोलणं बंद कर. करार संपला म्हणून भाडेकरू चोर होत नाही. बावीस वर्षं काका आणि मग तू भाडं घेत आलात, म्हणजे तो महिन्या-महिन्याचा भाडेकरू आहेच. त्याला काढायचा रस्ता एकच. लेखी नोटीस द्यायची, नोटिशीची मुदत संपू द्यायची, मग दावा लावायचा, पुरावा द्यायचा, निकालाची वाट बघायची. निकालानंतरही तो उठला नाही तर माझ्यासारखा एखादा माणूस हुकूम घेऊन येतो. यातलं काहीही मधलं गाळता येत नाही.

आणि कारण द्यावं लागतं. 'जागा हवी आहे' याला कारण म्हणत नाहीत. कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या प्रत्येक मालकाला जागा हवीच असते. कोणाला हवी, कशासाठी हवी, दुसरी सोय का नाही, हे खरंखुरं सांगावं लागतं. तुला जास्त भाड्याचा नवा माणूस आणायचा असेल तर सरळ तसं लिही. मी नावं ठेवणार नाही. पण मग खोट्या गरजेच्या नोटिशीला माझा सल्ला मागू नकोस. मुलाला दवाखाना काढायचाय म्हणून जागा रिकामी करून घेतात आणि महिन्याभरात तिथे चपलांचं दुकान लागतं. असल्या गरजा मी फार बघितल्या.

भावोजी काय म्हणतात? ते आणि दातवाले रोज संध्याकाळी दुकानाच्या उंबऱ्यावर बसून चहा घ्यायचे. मित्राला काढायला ते तयार कसे झाले, याचंच मला नवल वाटतंय.

तुझा,
दादा


२६ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग वाटलं, मीच काही सांगितलं नाही तर तू तरी दुसरं काय समजणार?

ह्यांना मत विचारायची सोय राहिलेली नाही. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये ह्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवी बाजू गेली. नातेवाइकांना मी 'थोडं बरं नसतं' एवढंच कळवत राहिले. शब्द ह्यांच्या आत असतात, बाहेर येत नाहीत. एक शब्द काढायला इतका वेळ लागतो की मध्येच डोळे भरून येतात आणि हे भिंतीकडे तोंड करतात. लग्नात ह्यांना गप्प बसवायला माणूस ठेवावा लागला होता, आठवतं?

आमचा जिना तू पाहिला आहेस. लाकडी, अरुंद, मध्ये वळण. वळणावर खुर्ची अडकते. इस्पितळातून आणलं तेव्हा तीन माणसांनी ह्यांना चादरीत बांधून वर आणलं. डोकं भिंतीला लागलं आणि त्यातला एक जण हसला. त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून हे खाली उतरलेले नाहीत. व्यायामाच्या केंद्रात रोज नेलं तर हातपाय थोडे सुटतील, बोलणंही सुधारेल, असं डॉक्टर म्हणतात. केंद्र चार रस्ते पलीकडे आहे. नेणार कसं? तिथली बाई महिन्यातून दोनदा घरी येते, तेवढंच. आम्हाला मूलबाळ नाही. उचलायला मी एकटी, आणि माझी पाठ आता कपडे वाळत घालतानाही कुरकुरते.

खालची जागा मिळाली तर ह्यांची खाट तिथे टाकता येईल. मागे नळ आहे, संडास आहे, पुढचं दार उघडलं की सरळ रस्ता.

दातवाल्यांना मी यातलं काही बोललेले नाही. सुरुवातीला ते दोनदा भेटायला आले. जिन्यावर त्यांचा आवाज ऐकला आणि ह्यांनी डाव्या हाताने उशी तोंडावर ओढून घेतली. मित्राने असं बघू नये, असं वाटलं असेल. मी दारातूनच सांगितलं, "झोपलेत. आता बरे आहेत, थोड्या दिवसांत उतरतील." तेव्हापासून तेच सांगतेय. सवय झाली.

बेबी


४ जुलै

चि. बेबी,

चौदा महिने. पत्र वाचून मी नुसता बसून राहिलो. तुझी वहिनी विचारायला लागली, कोण गेलं? कोणी गेलं नाही म्हटलं, पण आम्ही असून काय उपयोग झाला ते मलाच कळेना. रागवायचं ते भेटल्यावर रागवेन. आता कामाचं.

तुझी गरज खरी आहे. जशी मला लिहिलीस तशीच ती नोटिशीत येऊ दे. लाज बाळगून, अर्धीमुर्धी लिहिलीस तर कोर्टाला ती बनावट वाटेल. आणि 'झोपलेत, बरे आहेत' हे तू स्वतःच सांगत आलीस. त्यांचा वकील हेच तुझ्यापुढे ठेवणार, याची तयारी ठेव.

चांगला वकील बघ. नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने जाऊ दे, पोचपावती जपून ठेव. इस्पितळाचे कागद गोळा कर. नोटिशीनंतर येणारं भाडं कसं घ्यायचं ते वकिलाला विचारल्याशिवाय एकही पावती फाडू नकोस. साधी पावती दिलीस तर 'नोटीस मागे घेतली' असं म्हणायला ते मोकळे.

तीन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही. पाणी, वीज आणि दार. घर तुझं आहे, पण खालचा ताबा त्यांचा आहे. मालकी आणि ताबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे लोकांना समजावण्यातच माझी नोकरी संपली.

दोन वर्षं धरून चाल. लवकर झालं तर मला तारेने कळव, मी पेढी बंद करून येईन. पेढी नाही म्हणा, पेन्शन आहे.

दादा


१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नोटीस दिली. मुदत संपली. दातवाले उठले नाहीत. त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं, तू म्हणालास तस्संच: 'मालकीणबाईंचे पती बरे असल्याचं त्या स्वतःच सांगत आल्या आहेत, सदर गरज बनावट आहे.' दावा दाखल झाला. वकीलबाई तरुण आहेत, भरभर बोलतात आणि माझं बोलणं मध्येच तोडून लिहून घेतात. पुढची तारीख फेब्रुवारीत.

आता दातवाले वर बघत नाहीत आणि मी खाली बघत नाही. त्यांची मोटर सकाळी नऊला सुरू होते ती माझ्या दाढेतच फिरते. ह्यांच्या पाठीवर एक लाल चट्टा आलाय. दर दोन तासांनी कूस बदलून देते.

एक विचारायचं होतं. समजा, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खाली पोचलंच नाही, तर तो दोष कोणाचा धरतात? सहज विचारतेय.

बेबी


१९ नोव्हेंबर

बेबी,

सहज विचारणाऱ्या माणसांनी माझी चौतीस वर्षं भरलेली आहेत. किती दिवस झाले कॉक बंद करून?

एक पाववाला होता. मालकाचा दावा खरा होता, पुरावा चांगला होता, निकालाला दोन तारखा उरल्या होत्या. मालकाला तेवढाही धीर निघाला नाही. एका रविवारी दुपारी त्याने कुलूप तोडलं आणि कणीक मळायचं यंत्र, भट्टीचे पत्रे, सगळं रस्त्यावर मांडलं. सोमवारी मी तिथून जात होतो. मळलेलं पीठ फुगून भांड्याबाहेर आलं होतं आणि रस्त्यावर ओघळत होतं. पाववाला शेजारी स्टुलावर बसला होता. आठवड्याभरात कोर्टाने मालकाविरुद्ध हुकूम काढला आणि पाववाल्याला पुन्हा आत बसवायला मीच गेलो. मालकाची खरी गरज ऐकली गेली ती नऊ वर्षांनी. तोपर्यंत ती गरज असलेलं माणूस राहिलं नव्हतं.

हे पत्र खाली ठेव. गच्चीवर जाऊन कॉक उघड. मग स्वतः खाली जाऊन, 'हे मी केलं, पुन्हा होणार नाही' असं लेखी देऊन ये. वकीलबाईंनाही सांग. त्या ओरडतील. ऐकून घे.

दादा


२ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं तोवर नऊ दिवस झाले होते. दातवाले रस्त्याच्या नळावरून बादल्या आणत होते. बादली खाली ठेवल्याचा आवाज आला की हे माझ्याकडे बघायचे. बोलता येत नाही, पण बघता येतं. दुसऱ्या दिवसापासून मी ह्यांच्यासमोर येणंच टाळत होते.

कॉक उघडला आणि खाली गेले. दीड वर्षात मी त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं, बोलले ते दारातूनच. सगळ्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलने आकडा. ते रबराच्या वाटीत पांढरी पूड कालवत होते.

"पाणी आलं वाटतं, ताई."

"मीच बंद केलं होतं."

"माहीत आहे. कॉक फिरवलेला मला इथे ऐकू येतो. फार गंजलाय तो."

"मग बोलला का नाहीत?"

"वकील म्हणाला, तक्रार करा. मी म्हटलं, बघू तरी ताईंना किती दिवस जमतं."

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी करून एका जबड्याखाली ठेवला. मग विचारलं, "साहेब कसे आहेत?"

मी सवयीने 'झोपलेत' म्हणायला तोंड उघडलं आणि मला पुढे बोलताच येईना. दादा, मी तिथेच स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. उजवा हात, उजवा पाय, बोलणं, पाठीचा चट्टा. कवळी तोंडात राहत नाही, अन्न एका बाजूने ओघळतं, म्हणून दीड वर्ष दुधात बुडवलेला पाव देतेय, तेही सांगितलं. कवळीचं ऐकल्यावर त्यांनी वाटी खाली ठेवली.

"ती कवळी माझ्या हातची आहे. तोंडाची एक बाजू उतरली की जुनी बसत नाही. भरून घ्यावी लागते. वर येऊ का?"

"आपला दावा चालू आहे."

"दावा जागेचा आहे ना? दातांचा तर नाही."

एकाहत्तर वर्षांचा माणूस. हातात वाटी आणि पिशवी घेऊन जिना चढले, वळणावर दम खायला थांबले. ह्यांनी आवाज ओळखला आणि उशी ओढली. दातवाले खाटेजवळ बसले. स्वतःच्या तोंडातली खालची कवळी काढली, स्टुलावर ठेवली आणि बोबड्या तोंडाने म्हणाले, "घ्या. आता दोघंही सारखेच."

उशीखालून आवाज आला. मला वाटलं ह्यांना ठसका लागला. हे हसत होते, दादा.

चार वेळा वर आले. माप घेतलं, घासलं, भरलं, पुन्हा घासलं. परवा ह्यांनी सफरचंदाची फोड चावून खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. दातवाले हात धुऊन खाली गेले. जाताना खटल्याचं त्यांनी काही काढलं नाही, मीही काढलं नाही.

वकीलबाई ओरडल्या. ऐकून घेतलं.

बेबी


१० डिसेंबर

चि. बेबी,

वाचून बरं वाटलं आणि काळजीही वाटली. माणसाशी जेवढं चांगलं वागता येईल तेवढं वाग. पण खटल्याचं त्यांच्याशी काही ठरवू नकोस, कबूल करू नकोस, करवून घेऊ नकोस. बाजू मांडायची ती कोर्टात.

पाठीचा चट्टा कसा आहे ते तू दोन ओळींत उरकलंस. पुढच्या पत्रात नीट लिही. वहिनी मऊ सुती चादरी पाठवतेय.

दादा


२३ सप्टेंबर

प्रिय दादा,

मधल्या महिन्यांत लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तारखांशिवाय काही नव्हतं. आता आहे.

उन्हाळ्यात कोर्टाने नेमलेला माणूस येऊन जिना मोजून गेला. एकवीस पायऱ्या, वळणावर दीड हात रुंदी. गेल्या महिन्यात माझी साक्ष झाली. त्यांच्या वकिलाने विचारलं, "पती बरे आहेत असं तुम्ही माझ्या अशिलाला सांगितलं होतं, हे खरं?" मी म्हटलं, खरं. "म्हणजे तेव्हा खोटं बोललात की आत्ता?" मी म्हटलं, तेव्हा. "का?" मी म्हटलं, लाज वाटत होती. न्यायाधीशबाईंनी ते तसंच लिहून घेतलं.

मागच्या सोमवारी दातवाले साक्षीला उभे राहिले. इस्त्री केलेला शर्ट, नखांत प्लास्टर. आमच्या वकीलबाईंनी विचारलं,

"तुम्ही वरच्या मजल्यावर कधी गेला होतात?"

"मागच्या हिवाळ्यात. चार वेळा."

"कशासाठी?"

"कवळी बसवायला."

"तिथे काय पाहिलंत?"

त्यांचा वकील उठला. न्यायाधीशबाईंनी त्याला बसवलं.

"साहेबांना स्वतःहून कूसही बदलता येत नाही. त्या जिन्यावरून उतरवायचं तर पुन्हा चादरीत बांधावं लागेल. ताईंना जागा खरीच हवी आहे."

"तुमच्या लेखी उत्तरात गरज बनावट असल्याचं म्हटलंय. खाली सही तुमची आहे."

"ते लिहिलं तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे. मग दावा का लढवताय?"

"मलाही हवी आहे म्हणून."

मग त्यांनीच पुढे सांगितलं, कोणी न विचारता. मुलाच्या घरी फक्त झोपायला जातात. दिवस दुकानात काढतात. या वयाच्या माणसाला नवी जागा कोणी देत नाही. काम थांबलं तर हात थरथरायला लागतील, आणि मग थांबवावंच लागेल.

आज निकाल लागला. तीन महिन्यांत जागा रिकामी करायची. मी जिंकले. वकीलबाईंनी माझे दोन्ही हात धरले. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांनी उशी तोंडावर ओढली. दातवाल्यांनी साक्षीच्या दिवसानंतर मोटर सुरू केलेली नाही. इतके महिने मला तो आवाज नको होता. आता दर थोड्या वेळाने मी कान देतेय.

तीन महिन्यांत त्यांना जागा मिळाली नाही तर काय? तुझ्यासारखा कोणी येईल आणि त्यांना हाताला धरून बाहेर काढेल? आणि ते मी बघायचं?

बेबी


१ ऑक्टोबर

चि. बेबी,

तू विचारलंस, म्हणून वहिनीलाही न सांगितलेली गोष्ट लिहितो.

नोकरीला लागून अकरा वर्षं झाली होती. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं दुकान रिकामं करायचा हुकूम माझ्याकडे होता. मी गेलो तर त्या आत मशीनवर बसलेल्या. मागे शाळेच्या गणवेशांचा ढीग. त्या म्हणाल्या, "एवढे संपवू द्या." मी बाहेर आलो आणि अहवालात लिहिलं: दार बंद, इसम गैरहजर. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदाही. तीन आठवडे मिळाले त्यांना. गणवेश गेले, मग त्याही गेल्या. मालकाचे तीन आठवडे मी खाल्ले आणि कागदावर खोटं लिहिलं. अभिमान वाटत नाही, पश्चात्तापही नीटसा होत नाही.

मी खोटं लिहिलं, कारण मुदत देणं माझ्या हातात नव्हतं. तुझ्या हातात आहे. निकाल तुझा आहे, तो बजावायला कधी मागायचा ते तू ठरवायचं. जास्त दिवस द्यायचे तर दे, पण लिहून दे आणि कोर्टात दाखल कर: अमुक तारखेपर्यंत राहतील, मध्ये दुसऱ्या कोणाला बसवणार नाहीत, त्या दिवशी स्वतः किल्ली देतील. तोंडी दिलेल्या मुदतीत चांगली माणसंही एकमेकांची वैरी होतात. ते मी बघितलंय.

किती दिवस द्यायचे ते मला विचारू नकोस. भावोजींची पाठ बघ आणि मग ठरव. तू जो दिवस दातवाल्यांना देशील तो भावोजींच्या खात्यातून जाणार आहे.

दादा


११ मार्च

प्रिय दादा,

तीनाऐवजी निकालापासून पाच महिने दिले. ह्यांना विचारून दिले. मी एक-एक बोट उघडत गेले, पाचाला ह्यांनी मान हलवली. पाठीला त्याची किंमत पडली, ते खोटं सांगत नाही. जानेवारीत चट्ट्याची जखम झाली आणि ती भरायला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत दोनदा वाटलं की वकीलबाईंना फोन करावा. केला नाही. मोठेपणाने नाही, कंटाळ्याने. पुन्हा ते कागद, पुन्हा तो व्हरांडा, अंगात त्राण नव्हतं.

जागा शोधायला मीही गेले त्यांच्याबरोबर. ते एकटे गेले की मालक वय विचारून दार लावतात. एक मालक मला म्हणाला, "भाडेकरू म्हणून कसे आहेत?" मी म्हटलं, "बत्तीस वर्षांत एक तक्रार नाही." तो म्हणाला, "मग काढताय का?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तिथून निघालो.

शेवटी पुढच्या गल्लीत एका चष्मेवाल्याने अर्धं दुकान दिलं. मोटर मावते, फळ्या मावल्या नाहीत. मेलेल्या गिऱ्हाइकांचे जबडे त्यांनी तीन पोत्यांत भरून टाकले. टाकण्याआधी प्रत्येकावरचा आकडा वाचत होते. ठरल्या दिवशी किल्ली कोर्टात जमा केली. माझ्या हातात दिली नाही. जागा झाडून, फरशी पुसून गेले.

ह्यांना खाली आणलं त्या दिवशी मी त्यांना बोलावलं होतं. आले नाहीत. रस्त्यात दिसले की मान लववतात, थांबत नाहीत. ह्यांच्याकडे यायला मात्र जिना राहिलेला नाही, एवढं तरी त्यांना माहीत आहे. कधी येतील ते मी विचारणार नाही.

ह्यांना केंद्रात नेते आता, रोज सकाळी, खुर्चीतून. पहिल्या दिवशी उन्हात डोळे उघडवेनात. चार रस्ते, दादा. एवढ्यासाठी तीन वर्षं.

आणि एक सांगायचं राहिलं. दुकान हललं हे पुष्कळांना ठाऊक नाही. हातरुमालात तुटकी कवळी गुंडाळून माणसं सरळ आत येतात आणि खाटेवर हे दिसले की गडबडतात. पहिले काही दिवस मी पत्ता सांगत होते. मागच्या आठवड्यात मी मागे भांडी घासत होते आणि कोणीतरी विचारलं, "दातवाले कुठे गेले?" मी हात पुसले आणि तिथेच थांबले. बाहेर काहीच आवाज नाही. तो माणूस गेला असं वाटलं. मग ह्यांचा आवाज आला. "पुढची..." पुन्हा शांतता. "गल्ली." आणि मग दम घेऊन, "चष्मेवाला." बाहेर आले तर ह्यांना पाठीवर ओझं वाहिल्यासारखा घाम आला होता.

तेव्हापासून ह्यांनी सात जणांना सांगितलंय. मी मध्ये बोललेलं आता चालत नाही. काल एक म्हातारी बाई आली आणि तिने मलाच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी डावा हात वर केला. आम्ही दोघी गप्प उभ्या राहिलो. बराच वेळ लागला. बाईला घाई होती, पण ती थांबली.

तुझी,
बेबी